काकांच्या पाहणीचा दिवस

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवर जे काही लिहिलं ते उत्तरपत्रिकेत नाहीतर प्रयोगशाळेच्या अहवालात. त्यातून जे सांगायचं आहे ते माझं नाही. दुसऱ्या दोन माणसांचं आहे, त्यांच्या घरातलं, अगदी न्हाणीघरातलं. त्यांना विचारूनच लिहितो आहे. काकू म्हणाल्या, लिही. काका म्हणाले, नाव घालू नकोस म्हणजे झालं. परवानगी मिळूनही हात अडखळतो.

हे काका-काकू माझ्या नात्यातले नाहीत. मी बार्शीकडचा. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आई अंगणवाडीत मदतनीस. शिष्यवृत्तीवर जपानला आलो तेव्हा टोकियोशेजारच्या कावासाकीत खोली मिळेना. इथे भाड्याच्या खोलीला जामीनदार लागतो, आणि मला ओळखणारं इथे कुणीच नव्हतं. मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला कुणीतरी मला काकांसमोर उभं केलं. काकांनी दोनच प्रश्न विचारले. जेवलास का, आणि खोली कुठल्या मजल्यावर आहे. मग त्यांनी सही केली. तेव्हापासून रविवारी दुपारी जेवायला त्यांच्याकडे, टोकियोतल्या हिगाशी-कसाईला, हा शिरस्ता झाला. जळणारा कचरा कुठल्या वारी, बाटल्यांची झाकणं वेगळी का काढायची, वरिष्ठांपुढे किती वाकायचं, हे सगळं मला काकांनी शिकवलं.

काका पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामाला आले होते, ऐन तारुण्यात, आणि मग इथेच राहिले. मूलबाळ नाही. जपानी इतकं सफाईनं बोलायचे की फोनवर पलीकडच्या माणसाला हा परदेशी आहे हे कळायचं नाही. काकूंना मात्र दुकानापुरतं येतं. त्यांचा खरा आधार एकच शब्द: ‘दाइजोबु’, म्हणजे ठीक आहे, चालेल, काही काळजी नाही. पिशवी हवी का विचारलं तरी दाइजोबु, रस्त्यात कुणाचा धक्का लागला तरी दाइजोबु. काका चिडवायचे, हिनं एका शब्दावर अख्खा देश निभावून नेला.

काकांना पॅरालिसिसचा झटका आला त्या उन्हाळ्यात हे सगळं उलटंपालटं झालं. उजवं अंग गेलं. ते थोडं सावरलं, पण एक गोष्ट परत आली नाही. त्यांचं जपानी गेलं. मराठी जशीच्या तशी राहिली, इंग्रजी अर्धंमुर्धं. दवाखान्यात मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ते नर्सशी बोलत होते. अगदी अदबीनं, मान लववून, पाणी मागत होते, आणि सगळं मराठीत. आपण जपानीच बोलतो आहोत असं त्यांना वाटत होतं. नर्स हसून मान डोलवत होती. काका माझ्याकडे वळून म्हणाले, “हिला आज काय झालंय कोण जाणे, साधं पाणी कळत नाही.” मी पाणी आणून दिलं. परदेशात भाषा नसणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. पण असलेली भाषा अशी एका सकाळी जाऊ शकते, हे माहीत नव्हतं. परतताना गाडीत मी मनातल्या मनात जपानी आकडे म्हणत राहिलो, माझे अजून जागेवर आहेत ना बघायला.

पुढे महिनोन् महिने दवाखान्यातले व्यायाम झाले आणि काका घरी आले. काकू सगळं करू लागल्या. उठवणं, बसवणं, पडले की उचलणं, कपडे, संडास. वापरलेले डायपर त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर भाजीची देठं पसरून जळणाऱ्या कचऱ्यात ठेवायच्या, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. त्या इमारतीत आपल्याकडची बरीच घरं आहेत, कंपन्यांतली तरुण मुलं, त्यांच्या बायका. त्यातल्या निम्म्यांना काकांनीच कधीतरी हाताला धरून वॉर्ड ऑफिसला नेलेलं. म्हणूनच त्यांच्यातल्या कुणाला बोलवायचं नाही, असं काकांनी काकूंना बजावून ठेवलं होतं.

मग पुढच्या वर्षीच्या दिवाळीआधीचा तो फोन आला. मी प्रयोगशाळेत होतो. काकू म्हणाल्या, हे टबात बसलेत आणि मला उठवता येत नाहीत. इथले टब खोल असतात, गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं. गेले काही दिवस काकू त्यांना नुसत्या स्टुलावर बसवून आंघोळ घालत होत्या. त्या दिवशी काकांनी हट्ट धरला की मला पाण्यात बसायचंय. बसताना बसले. मी म्हणालो, इथूनच ॲम्ब्युलन्सला फोन करतो. मागून काकांचा आवाज आला, कुणाला बोलवू नका, त्याला म्हणावं तू ये.

कावासाकीहून हिगाशी-कसाईला गाडी बदलून जायला तासभर तरी लागतो. तोझाई लाइनवर प्रत्येक स्टेशनात दारं उघडायची, बंद व्हायची, आणि मी दाराच्या काचेत स्वतःकडे बघत उभा. काकूंना पुन्हा फोन करायची हिंमत होईना. उचलला नाही तर, या विचारानंच.

पोचलो तेव्हा काकूंनी टबातलं पाणी सोडून दिलं होतं. रिकाम्या टबात काका गोधडीत गुंडाळून बसले होते, डोक्याला काकूंची लोकरी टोपी. ओठ निळसर. मला बघून म्हणाले, “ये. मुक्काम हलवलाय.” मी हसलो नाही. कपड्यांसकट टबात उतरलो, पाठीमागून काखेत हात घातले, काकूंनी पाय धरले. काका बाहेर आले, पण काकूंच्या कमरेत काहीतरी कटकन झालं आणि त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. क्षणभर मला कळेना, आधी कुणाला उचलू.

त्या दिवशी चहा घेताना काकू मला म्हणाल्या, तू वसंतात नागोयाला जाणार. माझं शिक्षण संपत आलं होतं, तिथल्या मोटारीच्या कारखान्यात मला नोकरी मिळाली होती, त्याचा आनंद याच घरात शिऱ्यानं साजरा झालेला. मी गेल्यावर पुढच्या वेळी काका पडले की त्यांना उचलायला कुणीही नसणार.

तेव्हा मी शोधाशोध सुरू केली. इथे पासष्टी गाठली की वॉर्ड ऑफिसकडून काळजी विम्याचं कार्ड आपोआप घरी येतं. काकांचंही आलेलं होतं, देव्हाऱ्याखालच्या खणात पडून होतं. पण वयानं कार्ड मिळतं, मदत मिळत नाही. मदत हवी तर अर्ज करायचा; मग वॉर्डाचा माणूस घरी येऊन बघून जातो, डॉक्टरकडून मत मागवतात, आणि एक समिती ठरवते की या माणसाला कितपत जमत नाही. त्याप्रमाणे पायरी मिळते. खालच्या पायऱ्या साध्या आधाराच्या, वरच्या पाच खऱ्या काळजीच्या. आकडा जितका मोठा तितकी माणसाची अवस्था वाईट, आणि तितकी मदत जास्त. वरच्यांतली पायरी मिळाली तर आंघोळीला माणूस येतो, पलंग मिळतो, दिवसा नेऊन आणणारी गाडी मिळते. अगदी खालची मिळाली तर आठवड्यातून एखादा फेरा. आणि ‘लागू नाही’ असंही उत्तर येऊ शकतं.

वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायला मी काकूंबरोबर गेलो. वडील तहसील कचेरीत जायचे तेव्हा बाहेरच चपला काढून ठेवायचे. कुणी सांगितलेलं नसायचं. मी लहानपणी त्या चपलांवर लक्ष ठेवत बाहेर बसायचो. इतकं शिकलो, परदेशी आलो, पण काउंटर दिसला की माझ्या आत कुणीतरी चपला काढतं. खिडकीतल्या बाई अतिशय नम्र होत्या. त्यांच्या नम्रतेनं मी आणखीच घाबरलो. त्या म्हणाल्या, पाहणीच्या वेळी फोनवर हिंदी दुभाषा देता येईल. घरी येऊन हे सांगितलं तर काका म्हणाले, माझं दुखणं मी हिंदीत सांगणार नाही. म्हणजे दुभाषा मीच.

पाहणीचा दिवस ठरला तसा घरात एक वेगळाच उत्साह आला, आणि मला वाटतं चूक तिथेच झाली. काका म्हणाले, “ऐकलंस का गं, या वयात मला बघायला येतायत. पोहे कर.” काकू कितीतरी दिवसांनी हसल्या. हसण्यावारी सुरू झालं ते मग खरंच तसं होत गेलं. बघायला येणार म्हटल्यावर आपल्याकडे घर आवरतात, चांगले कपडे घालतात, उणं असेल ते आत ठेवतात. त्या सकाळी मी पोचलो तेव्हा काकूंनी पलंगावरचं रबरी कापड काढून चादर बदलली होती. लघवीचं भांडं माळ्यावर गेलं होतं. चालायचा चौपायी आधार बाल्कनीत, पडद्याआड. डायपरचं पाकीट कपाटात. खोलीत उदबत्तीचा वास. काकूंनी कंबरदुखीसाठीचा कमरपट्टाही काढून ठेवला होता. साडीवरून दिसतो म्हणाल्या. मी स्वतः काकांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, त्यांची जुनी ऑफिसची पँट घातली. काका आरशात बघून म्हणाले, पसंत पडायला हरकत नाही. आम्ही तिघंही हसलो. काय करतो आहोत ते तेव्हा तिघांच्याही लक्षात आलं नाही.

एक गोष्ट मात्र काकांच्या मनात होती, ती ते नंतर बोलले. ही माणसं आपल्याला निकामी ठरवून वृद्धाश्रमात नेऊन टाकतील, अशी त्यांना धास्ती होती.

पाहणीला आलेल्या बाई चाळिशीच्या असाव्यात. दारात बूट काढून नीट वळवून ठेवले, वाकून नाव सांगितलं, गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. काकूंनी पोहे आणि चहा पुढे केला. बाईंनी दोन्ही हात जोडल्यासारखे करून नाही म्हटलं. पाणी? तेही नाही. सरकारी कामावर असताना घरात काही घेता येत नाही, असं त्यांनी मला सांगितलं आणि मी काकूंना. काकूंचा चेहरा पडला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, पाणीसुद्धा नाही घेतलं, काही खरं नाही.

प्रश्न सुरू झाले. दोन्ही हात वर करा. डावा वर गेला. उजव्याला काकांनी डाव्यानं असा सहज आधार दिला की जणू शर्टाची बाही नीट करतायत. नाव, जन्मतारीख. मग, सध्या कुठला ऋतू आहे? काका थोडा विचार करून म्हणाले, “शरद संपला. हेमंत लागला.” आता हे कसं सांगावं मला कळेना, कारण इथे ऋतू चार. मी म्हणालो, थंडीची सुरुवात, असं ते म्हणतायत. बाईंनी खिडकीबाहेरच्या पिवळ्या झाडाकडे पाहिलं आणि मान डोलावली. बाईंचा पुढचा प्रश्न, मी यायच्या आधी काय करत होता? काका म्हणाले, तुमची वाट पाहत होतो. बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. त्यांच्या त्या हसण्यानं पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं: हे सगळं फार चांगलं चाललं होतं.

संडासला कसे जाता?

काका म्हणाले, स्वतः जातो. मी काकूंकडे पाहिलं. त्या फरशीकडे बघत होत्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. ज्या माणसानं मला रेल्वेचा पास काढायला शिकवला, त्याच्या तोंडावर, परक्या बाईसमोर, हे खोटं आहे, यांना धुवावं लागतं, असं मी कसं म्हणणार होतो? माझं काम त्यांचे शब्द पोचवण्याचं होतं. मी ते पोचवले. आंघोळ? स्वतः. तेही पोचवलं. पडलात का कधी? नाही. त्या ‘नाही’ला जपानीत आणताना माझा आवाज इतका बारीक झाला की बाईंनी पुन्हा विचारलं.

मग त्या काकूंकडे वळल्या. हे वाक्य मी भाषांतर करायच्या आधीच काकूंना कळलं असावं, कारण त्यात ‘त्रास’ हा दुकानातही कानावर पडणारा शब्द होता. तुम्हाला काही त्रास होतो का? आणि काकू, ज्यांना रोज सकाळी पलंगाची कड धरून उठावं लागत होतं, सवयीनं, हसून म्हणाल्या, “दाइजोबु.”

म्हणून झाल्यावर त्यांनी स्वतःच तोंडावर पदर धरला. पण बाईंची मान कागदावर वाकलेली होती.

निघताना काका उठले. खरंच उठले. डावा हात खुर्चीच्या पाठीला, मग भिंतीला, मग दाराच्या चौकटीला. बाई बूट घालत होत्या तोवर ते दारापर्यंत पोचले आणि कमरेतून वाकले, इथल्या रीतीनं, जितकं पाहुण्यापुढे वाकायचं तितकं. मी बाजूला होतो, म्हणून चौकटीवरची त्यांची बोटं मला दिसली. पांढरी पडली होती. बाईंनीही वाकून नमस्कार केला. दार बंद झालं आणि काका माझ्या अंगावर कोसळले.

आम्ही दोघांनी त्यांना दाराजवळच्या पायरीवर बसवलं, चपलाबुटांच्या मध्ये. पँट ओली झाली होती. काका भिंतीकडे बघत होते. काकू कमरेवर हात धरून उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात मला म्हणाल्या, “जा. गाठ तिला. हे सांगणार नाहीत, आणि मला सांगता येत नाही.”

काका म्हणाले, “तो कुठं जाणार नाही.”

मी दोघांच्या मध्ये उभा. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, आपण रडू. काका मला ओरडले नव्हते. त्यांनी जाऊ नकोस असं सांगितलंही नव्हतं, नुसतं आधीच ठरल्यासारखं म्हटलं होतं. काकूंनी कपाट उघडलं, कमरपट्टा काढला आणि साडीवरून, आमच्यासमोर, बांधायला लागल्या. त्यांना तो मागून ओढता येत नव्हता. मी तो ओढून बसवला. मग दार उघडून, पायाला आले ते न्हाणीघरातले स्लीपर घालून, जिन्यानं खाली पळालो.

बाई सायकलींच्या शेडमध्ये होत्या. कुलूप काढत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळे आदरार्थी शब्द विसरलो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं कमावलेली भाषा दाताखाली वाळू आल्यासारखी झाली. मी म्हणालो, ते खोटं आहे. मग घाबरून म्हणालो, खोटं नाही, पाहुणे आले म्हणून. आमच्याकडे पाहुण्यांना वाईट दाखवत नाहीत. मग तुटक तुटक सांगत गेलो. टब. गोधडी. भांडं माळ्यावर आहे. चालायचं साधन बाल्कनीत आहे, हवं तर वर बघा. काकूंची कंबर. आत्ता दार लागल्यावर काय झालं ते. बोलताना मला सारखं वाटत होतं की वरच्या बाल्कनीतून काका ऐकतायत. त्यांना बाल्कनीपर्यंत येता येत नाही हे मला माहीत होतं, तरी मान वर करून बघायचं धाडस झालं नाही.

बाईंनी पिशवी सायकलीच्या टोपलीवर ठेवली, कागद पुन्हा बाहेर काढले आणि उभ्यानंच विचारू लागल्या. पडल्यावर उचलतं कोण? महिन्यातून कितीदा? तुम्ही नसलात तर? मग त्यांनी विचारलं, तुम्ही त्यांचे कोण?

पुतण्या म्हणावं असं अगदी ओठांवर आलं. पण सरकारी कागदावर खोटं नातं लिहिलं आणि त्यावरूनच सगळं फेटाळलं तर, ही भीती त्याहून मोठी होती. मी म्हणालो, “मी विद्यार्थी आहे. ते माझ्या खोलीचे जामीनदार आहेत.”

त्यांनी माझ्या स्लीपरकडे पाहिलं. काही लिहिलं. आज सांगितलंत ते टिपणीत घालते, ठरवणार समिती, एवढंच म्हणाल्या आणि सायकलवर बसून गेल्या.

मी वर गेलो तर काका पलंगावर, तोंड भिंतीकडे. काकू चादर बदलत होत्या. पोहे तसेच होते. आम्ही दोघांनी ते खाल्ले, गार झालेले, उभ्याउभ्या.

त्यानंतर काका माझ्याशी बोलले नाहीत. रविवारी मी जायचो, जेवायचो, त्यांना उठवायचो, पाठ पुसून द्यायचो. ते अंग सैल सोडून देत, पण नजर देत नसत. काही हवं असलं तर काकूंना सांगायचे, त्याला म्हणावं उशी सरकव. मी तिथेच हाताच्या अंतरावर. एकदा मी माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा ते काकूंना म्हणाले, त्याला म्हणावं जेवून घे.

निकाल महिनाभरात येतो असं सांगितलं होतं. त्याऐवजी एक कार्ड आलं. काकूंनी फोटो काढून पाठवला. मी ते कावासाकी स्टेशनवर गर्दीत उभा राहून वाचलं. निर्णयाला आणखी वेळ लागेल, असं त्यात होतं. का ते नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र कारणांची रांग लागली. वरचं बोलणं एक आणि खालचं दुसरं, म्हणून संशय आला असेल. जामीनदार हा शब्द ऐकून चौकशी लावली असेल. मी मध्ये पडलो नसतो तर निदान खालची पायरी तरी मिळाली असती. आता ‘लागू नाही’ येईल. रविवारी काकूंना उगाचच सांगितलं की उशीर होणं चांगलं असतं. त्या म्हणाल्या, तुला खोटं बोलता येत नाही, मग कशाला बोलतोस.

गावी वडिलांना फोनवर थोडंसं सांगितलं. त्यांनी विचारलं, तिकडं सरकार म्हाताऱ्यांचं बघतं म्हणे? मी म्हणालो, बघतं, पण आधी घरी येऊन बघतं. वडील म्हणाले, आमच्याकडं कुणी बघायला आलं तर मी पण असाच उभा राहीन. त्यांचा गुडघा दुखतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, तेही आईनं मागून सांगितलं म्हणून. फोन ठेवल्यावर मला वेगळीच धास्ती वाटली. वडील मला रोज ‘बरं आहे’ म्हणतात. त्यातलं किती खरं?

दरम्यान काका आणखी एकदा पडले, पलंगाच्या कडेवरून. काकूंनी उचललं नाही. त्यांनी जमिनीवरच गादी ओढली, त्यांना तिथेच निजवलं, स्वतः शेजारी बसून राहिल्या आणि माझी प्रयोगशाळा सुटायची वाट पाहिली. मी पोचलो तेव्हा त्या बसल्याबसल्या भाजी निवडत होत्या, आणि काका छताकडे बघत होते. मी उचललं. नागोयाच्या खोलीचे कागद त्याच आठवड्यात आले होते. ते पिशवीत होते, मी बाहेर काढले नाहीत.

थंडी सरत आली होती तेव्हा फोन आला. मी प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये रांगेत होतो. पडद्यावर काकूंचं नाव. ही वेळ त्यांच्या फोनची नव्हती, दुपारी काका झोपलेले असतात. उचलला तर पलीकडे काका होते. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज थेट कानात.

“आलं रे ते पाकीट,” ते म्हणाले. “हिला वाचता येत नाही. मला अक्षरं कळत नाहीत आता, पण आकडा कळतो. तीन आहे.”

मी ताट तसंच टेबलावर ठेवलं. म्हणालो, काका, फोटो पाठवायला सांगा. फोटो आला. काळजी, तिसरी पायरी. मी ती ओळ पुन्हापुन्हा वाचली, मग त्यांना वाचून दाखवली. आंघोळीला माणूस मिळेल, पलंग मिळेल, घरातच राहायचं, कुणी कुठे नेणार नाही, असंही सांगितलं. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं. पलीकडे दूर काकूंच्या बांगड्या आणि डब्याचं झाकण वाजलं.

मग काका म्हणाले, “माझं अंग गेलं हे सरकारनं मान्य केलं, आणि ही देवापुढे साखर ठेवतेय.” आणि म्हणाले, “रविवारी ये. आता मला उचलायचं नाही, असं तिला सांगितलंय मी.”